आतला फोन

शाळेत तिला भूगोलबाई म्हणत. शिपायापासून मोठ्या बाईंपर्यंत सगळे. जगातल्या नद्या कुठून निघतात, वारे कुठून कुठे वाहतात, कुठल्या देशात गहू पिकतो नि कुठल्या देशात लोकर होते, हे तिने वर्गामागून वर्गांना घोटून शिकवलं होतं आणि स्वतः मात्र घर ते शाळा या रस्त्यापलीकडे फारसं काही पाहिलं नव्हतं. हा विनोद सगळ्यांचा करून झाला होता. हल्ली ती स्वतःच करायची. दुसऱ्याने करायच्या आत उरकून टाकलेला बरा.

घरी ती ताई. वडील गेले तेव्हा धाकटा भाऊ शिकत होता. मग तो शिकला, नोकरीला लागला, लांबच्या शहरात गेला, त्याचं लग्न झालं, मूल झालं. ताईचं लग्न दोनदा ठरत आलं आणि राहिलं; एकदा वडिलांच्या आजारपणामुळे, एकदा धाकट्याच्या परीक्षेमुळे. पुढे स्थळं यायची थांबली तेव्हा आई म्हणाली, "सुटलीस बाई. मी करून काय सुख पाहिलं?" तिने ते सांत्वन म्हणूनच म्हटलं होतं.

घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत दिवाण, तिपाई, तिपाईवर फोन. आतल्या खोलीत आई. खालच्या मजल्यावर पत्र्याची कपाटं बनवण्याचं दुकान होतं, त्यामुळे सकाळपासून संध्याकाळपर्यंत ठोकाठोक चालायची, रविवारीसुद्धा. बाहेरच्या खोलीत फोनवर बोलायचं म्हणजे एका कानाला रिसीव्हर आणि दुसऱ्या कानात बोट. आईला दम्याचा त्रास होता. एकदा ती न्हाणीत पडली, तेव्हापासून तिच्या उशाशी दुसरा फोन बसवला होता, म्हणजे ताई शाळेत असताना काही झालं तर हात पोचावा. आईने त्याला लोकरीचं झाकण विणलं होतं. एरवी तो फोन झाकणाखाली गप्प असतो, असं ताई समजून चालली होती.

त्या वर्षी थंडी सुरू व्हायच्या सुमाराला मोठ्या बाईंनी तिला खोलीत बोलावलं.

"डोंगरावरच्या आपल्या निवासी शाळेत वसतिगृहप्रमुख हवी आहे. पुढच्या सत्रापासून. तुमचं नाव पुढे करू?"

"माझं?"

"मग काय माझं? राहायला स्वतंत्र खोली. फक्त घरच्या माणसांना तिथे ठेवता येत नाही. महिनाअखेर सांगा."

ती खोली तिने एकदा सहलीच्या वेळी पाहिली होती. एक कॉट, एक टेबल, पडदा नसलेली खिडकी, भिंतीत एक रिकामा खिळा. खोली अशी एकाच माणसाची असू शकते, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं होतं. नंतर कित्येकदा भाजी निवडताना, वह्या तपासताना तिच्या मनात त्या खिळ्यावर काहीबाही टांगून झालं होतं. कधी छत्री, कधी पिशवी.

आईला धाकट्याने न्यायचं, एवढाच प्रश्न होता. आणि तो तर आधीपासूनच नेतो म्हणत होता.

धाकट्याचा फोन रविवारी दुपारी जेवणं झाली की यायचा. पद्धत ठरलेली. आतला फोन आई उचलायची, औषधं-झोप-नातवाचा अभ्यास असं बोलून व्हायचं, मग आई ओरडायची, "ताई, घे गं," आणि ताई बाहेरचा रिसीव्हर उचलायची. आई आतला ठेवून आडवी व्हायची. मग भावाबहिणीचं बोलणं. त्यात ताईने आईचा विषय काढला की धाकटा कधी म्हणायचा, "अगं, थंडी सरली की नेतोच मी तिला." पुढच्या रविवारी, बोलणं सुरू होताच ताईने तेच काढलं की म्हणायचा, "मी? असं कधी म्हटलं? बघू म्हटलं असेन."

"बघू नाही रे. नेतोच म्हणालास. च लावून म्हणालास."

"ताई, तुला त्या ठोकाठोकीत भलतंच ऐकू येतं."

असं तीनचार वेळा झालं. चौथ्या वेळी ताईला खरंच वाटू लागलं, की आपलंच डोकं फिरलंय. शिक्षकखोलीत तिने विज्ञानबाईंना सांगितलं. त्या डबा खाताखाता हसल्या.

"वय झालं बाई तुमचं. हवं तेच ऐकू येतं." मग घास गिळून म्हणाल्या, "माझ्या दिराच्या ऑफिसात फोनला यंत्र लावलंय. प्रत्येक शब्द भरून ठेवतं. माणूस उलटला की त्यालाच त्याचा आवाज ऐकवायचा. बसवणाऱ्याचा नंबर देऊ?"

त्या गमतीत बोलल्या होत्या. ताईने नंबर लिहून घेतला.

फोनवाला शनिवारी दुपारी आला. पोट सुटलेला, धापा टाकत जिना चढलेला माणूस. आल्याआल्या त्याने खिडकीपाशी गुडघे टेकले आणि बाहेरून आलेली तार जिथे भिंतीवरच्या पांढऱ्या डबीत शिरते, तिथे तोंड लावून बसला.

"कोण आलंय गं?" आतून आई.

"फोनच्या दुरुस्तीचा माणूस. खरखर येते ना, म्हणून."

"माझ्या फोनला नाही येत खरखर."

"तू कुठे उचलतेस एवढा?" ताई म्हणाली.

फोनवाल्याने डबीचं झाकण काढलं. आत तारांच्या दोन जोड्या होत्या. एक तिपाईकडे गेलेली, दुसरी दाराच्या चौकटीवरून आतल्या खोलीत.

"दोन फोन आहेत होय? मग एकाला लावायचं की दोन्हीला?"

"म्हणजे?"

"तुमच्या फोनच्या मागे लावलं तर ह्याच फोनवरचं बोलणं भरेल. इथे मुळाशी लावलं तर घरात कुठलाही रिसीव्हर उचला, हे सुरू होणार. दोन्हीकडचं ऐकणार. मी म्हणतो मुळाशीच लावा. अर्धवट काम मला आवडत नाही."

"लावा मुळाशी," ती म्हणाली. ते आतल्या फोनचं तिच्या डोक्यातच शिरलं नाही.

त्याने तारेचं टोक दातात धरून प्लास्टिक सोललं आणि खिडकीबाहेर थुंकलं. पिशवीतून टेस्टर फोन काढून त्याचे दोन चिमटे तारांना लावले, कानाला धरला आणि, "आलास का बाबा," असं त्या सूं आवाजाला म्हणाला. मग एकाचे दोन करणारं एक पांढरं बोंडूक डबीत खोचलं, त्यातली एक तार भिंतीच्या कडेकडेने आणून तिपाईखाली सोडली आणि तिच्या टोकाला साबणाच्या वडीएवढा काळा डबा जोडला. डब्याला तीन बटणं, एक बारीक लाल दिवा आणि कानात घालायच्या तारेसाठी भोक.

"रिसीव्हर उचलला की दिवा लागेल. ठेवला की विझेल. तुम्ही काहीएक करायचं नाही. ऐकायचं असेल तर हे बटण, मागे न्यायचं असेल तर हे. खोलीतला आवाज ह्याला ऐकू येत नाही, हे तारेतलंच ऐकतं. खालचा दंगा फारसा नाही यायचा." त्याने वर पाहिलं. "आता सांगा, समोरच्याला कळण्यासाठी ह्यात मधूनमधून टिक असा आवाज ठेवता येतो. ठेवू की बंद?"

"बंद."

"सगळे बंदच म्हणतात." तो हसला. "कोण आहे? नवरा?"

"भाऊ."

"भावासाठी पहिल्यांदाच बसवतोय. एरवी नवरा, नाहीतर धंद्यातला भागीदार." त्याने डबा तिपाईच्या आतल्या बाजूला चिकटवला, वरून टेबलक्लॉथची कड खाली ओढली. "झालं. आता कुणी म्हणू शकणार नाही, मी बोललोच नव्हतो म्हणून. पुढच्या आठवड्यात या बाजूला आलो की बघून जाईन."

रविवारी फोन वाजला. आईचं बोलून झालं. "ताई, घे गं." ताईने रिसीव्हर उचलला, दुसऱ्या कानात बोट घातलं, पायाने टेबलक्लॉथ जरा वर केला. लाल दिवा लागलेला होता.

पहिल्यांदा मुलाची परीक्षा निघाली, मग भावजयीची पाठदुखी. ताईने आईचा विषय काढला. "बघू गं, इथलं जरा..." असं तो म्हणाला. ताईने नेट धरला, पुन्हा विचारलं. खाली कुणीतरी पत्रा आपटत होतं. आणि मग तो म्हणाला, "अगं, थंडी सरली की नेतोच मी आईला. ठरलं ते. तू कशाला काळजी करतेस?"

"नक्की?"

"नक्की म्हणजे नक्की."

तिने रिसीव्हर ठेवला. आई झोपली असेल असं धरून ती दिवाणावर बसली, कानात तार घातली आणि बटण दाबलं. थंडी सरली की नेतोच मी आईला. मागे नेलं, पुन्हा दाबलं. नेतोच. च अगदी स्वच्छ होता. आपल्याला वेड लागलेलं नाही, हे कळून तिला इतकं बरं वाटलं, की ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि तिने स्वतःपुरता चहा केला, साखर जास्त घालून.

सोमवारी ती मोठ्या बाईंना हो सांगणार होती. मग म्हटलं, आधी सगळं नीट ऐकून ठेवावं, कुठे तो म्हणाला, कुठल्या वाक्यानंतर, म्हणजे त्याला सांगताना अडखळायला नको. सोमवारी शाळेतून आल्यावर तिने पुन्हा तार कानात घातली. या वेळी अगदी पहिल्यापासून.

आई आणि धाकटा. औषधं, झोप. ताई, घे गं. मग खट्, आईने ठेवला. परीक्षा. पाठदुखी. बघू गं, इथलं जरा.

मग पुन्हा खट्.

तिला वाटलं, फोनवाल्याने खोचलेलं ते बोंडूक ढिलं राहिलंय. कारण खट् झालं आणि दोघांचेही आवाज जरा बारीक झाले, जशी नळाला दुसरी तोटी सोडल्यावर धार बारीक होते. ती मागे गेली, पुन्हा ऐकलं. खट्. त्यामागे काहीतरी बारीक वाजत होतं. श्वास. वर जाताना घशात शिटी वाजणारा, खाली येताना खरडणारा. इतकी वर्षं दाराआडून ऐकलेला श्वास ओळखायला तिला पुन्हा मागे जावं लागलं नाही. त्या शिटीवर धाकट्याचा आवाज एकदम मोठा, गोड आणि सावकाश झाला. अगं, थंडी सरली की नेतोच मी आईला. नक्की म्हणजे नक्की. थोडा वेळ शिटी चालू राहिली, मग खट्, आवाज पुन्हा मोठे झाले, आणि तो घाईने म्हणाला, "चल, ठेवतो."

बाहेरच्या खोलीत, ठोकाठोकीत, कानात बोट घालून हे तिला कधी ऐकू आलं नव्हतं. त्याला तिकडे स्वच्छ ऐकू येत होतं. दर रविवारी.

तार कानातच ठेवून ती बसून राहिली. आतून आई म्हणाली, "ताई, दिवा लाव गं, अंधारलं."

रविवारपर्यंत थांबणं तिला जमेना. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर तिने आतल्या खोलीत डोकावून पाहिलं. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती, झाकण फोनवर होतं. तिने हळूच दार ओढलं आणि धाकट्याचा नंबर लावला. नंबर लावताना आतला फोन किणकिण करतो, हे तिच्या लक्षात नव्हतं. आईच्या लक्षात ते केव्हाचंच होतं.

"ताई? आज मधेच? आई बरी आहे ना?"

"बरी आहे. तू तिला नेणार आहेस ना?"

"अगं बघू ना, आत्ता कुठे..."

"रविवारी म्हणालास, नेतोच. नक्की म्हणजे नक्की. शब्द न् शब्द आहे माझ्याकडे. फोनला यंत्र लावलंय मी."

"माझं बोलणं भरून ठेवतेस? सख्ख्या भावाचं?"

"म्हटलंस की नाही?"

"म्हटलं. हो, म्हटलं. पण ताई, आई ऐकत होती ना तेव्हा."

"ते कळलं मला. काल."

"काल?" तो खरोखरच चकित झाला. "म्हणजे तुला ठाऊक नव्हतं? अगं, मला वाटायचं तू मुद्दाम विचारतेस. ती उचलते, तू विचारतेस, मी हो म्हणतो. तिला बरं वाटतं. आपलं दोघांचं ठरलेलंच आहे, असं मी धरून चाललो."

"कधी ठरलं होतं?"

"ह्यात ठरवायचं काय असतं?"

ताईने रिसीव्हर दुसऱ्या हातात घेतला. तिने त्याला डोंगरावरच्या खोलीचं सांगितलं. खिळ्याचं सांगितलं नाही.

"या वयात?" धाकटा म्हणाला. आवाजात राग नव्हता, काळजीच होती. "तिथे पोरी सांभाळायच्या, इथे एक म्हातारी सांभाळतेस. फरक काय?"

"पोरी मोठ्या होऊन जातात."

"हे बघ, मी तुझ्याशी खोटं नाही बोलत. आमच्याकडे ती चार दिवस नाही टिकायची. ही दिवसभर बाहेर, मी बाहेर, लिफ्ट बंद पडली की जिना. वाटलंच नाही गं मला, की तू खरं धरून बसशील. तू एवढी शिकलेली."

"मग मला तसं स्पष्ट सांग. एकदा. नेणार नाही म्हण."

"अगं, नेणार..."

खट्.

या वेळी तिला ऐकू आलं. खालचं दुकान त्या घडीला नेमकं गप्प होतं. धाकट्याचा आवाज बारीक झाला होता आणि मधोमध ती शिटी आली होती, वर जाणारी, खाली येणारी. दोघंही थांबले. तारेवर तिघं होते आणि कुणीच बोलत नव्हतं.

"...नेणारच ना मी तिला," धाकटा म्हणाला, मोठ्याने, सावकाश. "थंडी सरली की येतोच. तिच्यासाठी खोली रंगवून घेतोय."

आणि तो थांबला. तिची वाट बघत.

एक शब्द पुरला असता. खोटं बोलतोय तो, आई. तेवढंच म्हणायचं होतं, शब्द जिभेवर आलाही होता. शिटी जरा जोरात वाजू लागली, घाई झाल्यासारखी. दाराच्या पलीकडे आई बिछान्यावर अर्धवट उठून बसली असणार, एका हातात रिसीव्हर आणि दुसऱ्यात ते लोकरीचं झाकण, लहान मुलीने फ्रॉकची कड धरावी तसं. ताईने डोळे मिटले.

"मग तिचे गरम कपडे आत्ताच काढून ठेवू का?" ती म्हणाली.

"ठेव की."

"आणि औषधांचं? तिकडे मिळतील ना सगळी?"

"डॉक्टर आमच्या खालीच आहे, अगं. रात्री-अपरात्री चालतो."

"मग बरं."

"बरं. ठेवतो."

फार छान जमलं. कित्येक वर्षांची सवय असल्यासारखं जमलं. तिने रिसीव्हर ठेवला आणि पायाशी पाहिलं. लाल दिवा अजून लागलेला होता. आतला रिसीव्हर आपटल्याचा आवाज आला, तेव्हा विझला.

थोड्या वेळाने आई भिंतीला धरत धरत बाहेर आली आणि दिवाणाच्या टोकाला टेकली.

"कुणाचा फोन होता गं?"

"धाकट्याचा."

"काय म्हणतो?"

"थंडी सरली की तुला न्यायला येतो म्हणतो."

आईने पदराने तोंड पुसलं. चेहरा असा खुलला होता, की ताईला दुसरीकडे बघावं लागलं.

"नेऊ दे नाहीतर नको," आई म्हणाली. "मी कुठली जायला! तुझं एकटीचं कसं व्हायचं? साधी किल्ली कुठे ठेवलीस ते आठवत नाही तुला. तुला अशी टाकून गेले तर वर गेल्यावर तुझे वडील मला उभं करतील दारात?"

"तू जाणार नाहीस?"

"छे! त्याने विचारावं एवढंच. विचारतो, बरं वाटतं." तिने ताईच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तू काळजी करू नकोस हो. मी आहे."

महिना संपायच्या आधीच ताई मोठ्या बाईंच्या खोलीत गेली. "घरचं जमत नाही," म्हणाली. मोठ्या बाईंनी चष्मा काढला, पुन्हा लावला आणि म्हणाल्या, "मला वाटलंच होतं. बरं, मग चित्रकलेच्या बाईंना विचारते. त्या मोकळ्या आहेत." चित्रकलेच्या बाई हो म्हणाल्या. शिक्षकखोलीत सगळ्यांना पेढे वाटले. विज्ञानबाईंनी ताईला कोपराने ढोसलं. "यंत्राचं काय झालं? पकडलंत की नाही भावाला?" ताई म्हणाली, "पकडलं की." आणि पाचवीचा तास होता म्हणून उठली. त्या दिवशी वाळवंटं होती.

फोनवाला म्हटल्याप्रमाणे बघायला आला. पांढऱ्या डबीचं झाकण उघडलं, बोट फिरवलं, टेस्टर लावून, "आहेस ना बाबा," म्हणाला.

"झकास चाललंय. काही तक्रार?"

"नाही."

"हवं ते मिळालं का?"

"मिळालं."

"मग आता काढून ठेवू? काम झाल्यावर बरेच लोक काढून घेतात. उगाच रिकामी झंझट."

आत आई उगाचच खोकत होती. कोण आलंय, ते विचारायच्या आधीचा खोकला.

"राहू दे," ताई म्हणाली. "असलं काय, नसलं काय."

त्याने खांदे उडवले, पिशवी उचलली आणि धापा टाकत जिना उतरला.

रविवारी दुपारी फोन वाजला. आईचं बोलणं झालं. ताई, घे गं. ताईने रिसीव्हर उचलला. आता ती दुसऱ्या कानात बोट घालत नव्हती. मुलाचा निकाल चांगला लागला होता. भावजयीची पाठ तशीच होती. खाली पत्रा वाजत होता. ताई नुसती हं हं करत, खिडकीतून समोरच्या भिंतीकडे बघत वाट पाहत होती.

खट्.

"काय रे," ती म्हणाली, मोठ्याने, सावकाश. "आईला न्यायला कधी येतोस?"